पाहुण्यांपुरता दादा

माझं लग्न माझ्या सख्ख्या थोरल्या भावाला दारू पाजून झालं. हे कबूल करायला मला म्हातारपण यावं लागलं, आणि त्यातही शौर्य काही नाही. ज्यांनी मला जाब विचारावा, ती सगळी आता गेली आहेत.

चाकणजवळ आमची कांद्याची शेती. वडील लवकर वारलेले. घरात आई, दादा आणि मी. दादा कांदा निवडायला बसला की डोळे मिटून, नुसत्या हाताच्या अंदाजानं मोठा, मध्यम आणि गोल्टी असे तीन ढीग लावायचा. एक कांदा इकडचा तिकडे व्हायचा नाही. पण चार माणसं एकदम बोलायला लागली की कानांवर हात दाबून वखारीत जाऊन बसायचा. आणि सांगितलेला शब्द अक्षरशः पाळायचा. आई एकदा म्हणाली, "बैलापासनं हलू नगंस," तर दिवे लागेपर्यंत उपाशी उभा होता. गाव त्याला अर्धवट म्हणायचं. आम्हीही मनातून तेच म्हणायचो.

मी पिंपरीला नव्या कारखान्यात लागलो होतो. मुलगी पसंत होती, पण थोरला बिनलग्नाचा असताना धाकट्याला बाशिंग कसं बांधणार? दादासाठी आलेली तीन स्थळं चहा पिऊन परत गेली होती. तो वखारीतून बाहेरच आला नव्हता.

शिमग्याला भावकीतल्या कुणीतरी थट्टेनं त्याला हातभट्टीची पाजली. दारूबंदीचे दिवस, म्हणजे दारू कुठं मिळते हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. बाकीचे पिऊन बरळत होते, गळ्यात गळे घालून रडत होते. दादा मात्र पिऊन शहाण्यासारखा वागायला लागला. शेजारी हलगी कडाडत होती आणि त्याचे हात कानांवर नव्हते. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "कारखान्यात तुमाला जेवाया कुठं बसवत्यात?" जन्मात पहिल्यांदा त्यानं मला काही विचारलं होतं. मला भरून आलं. आईला मात्र पुढचं स्थळ दिसलं.

ते स्थळ आलं त्या दिवशी आईनं त्याला अर्धा पेला दिला आणि बजावलं, "ह्यो घोट घेतल्याबिगर मान्सांत यायचं न्हाई." दारू मीच आणली होती, सायकलच्या जुन्या ट्यूबमध्ये भरून. वास जाईना म्हणून वेलदोडा चघळायला दिला. दादा पाहुण्यांशी पीकपाण्याचं बोलला, हसलासुद्धा. "पोरगं बोलाया मोकळं हाय," असं म्हणून ते सुपारी फोडून गेले.

वहिनी घरात आली. आता घरात रोजच एक नवं माणूस होतं, म्हणून दादा रोज प्यायला लागला. तोंड वाकडं करायचा, पण प्यायचा. झोक जायचा नाही, जीभ अडखळायची नाही, त्यामुळे अर्ध्याचे दोन पेले कधी झाले ते कुणाला कळलं नाही. सकाळी मात्र भांड्याचा आवाजही त्याला सोसवत नसे. परवा नातवाला तपासताना डॉक्टरीणबाईंनी 'ऑटिझम' हा शब्द सांगितला. म्हणाल्या, अशी काही माणसं निव्वळ चारचौघांत बसता यावं म्हणून पितात. मी मान डोलावली. बाईंना काय सांगणार, की आमच्याकडे ते घरचेच पाजत होते?

वहिनीला चार महिन्यांत सगळं उमगलं. मला म्हणाली, "भावजी, फसवलंत ते फसवलंत. पर हे गप बसले तरी मला चालत्याल. त्यान्ला सांगा, नगं म्हून. माझं ऐकत न्हाईत, म्हनत्यात आई म्हनली."

आईनं ते ऐकलं. "आन् ह्याच्या लग्नात मांडवात काय खांब उभा करू?"

माझ्या लग्नाला तीन महिने होते. मी म्हणालो, "वहिनी, एवढं पार पडू द्या."

पडलं. दादानं पंगतीत फिरून आग्रह केला, सासऱ्यांनी त्याची तारीफ केली. आठवड्यानं आईच म्हणाली, सांग आता. मी सांगितलं, "दादा, आजपासनं बंद." त्यानं पेला तिथंच खाली ठेवला. चार दिवस त्याचे हातपाय थरथरत होते, घामानं अंथरूण भिजत होतं, नसलेल्या माणसांशी तो भांडत होता. दारू अशी एकदम तोडली तर जिवावर बेतू शकतं, हे आम्हाला कुठं माहीत? आम्ही अंगारा लावला. उशाशी बसली ती वहिनीच.

पाचव्या दिवशी तो उठून बसला. माझ्याकडे न बघता म्हणाला, "घोट बंद. मंग आता म्या मान्सांत यायचं न्हाई ना?"

तसं नाही रे, तू ये, असाच ये, एवढंच म्हणायचं होतं. पण त्या दुपारी माझ्या बायकोच्या माहेरची माणसं यायची होती.

"न्हाई," मी म्हणालो.

त्यानं अंथरुणाची गुंडाळी केली आणि तो वखारीत राहायला गेला, तो कायमचा. वहिनी दोन ताटं वाढून त्याच्या मागोमाग गेली.