उसनी चाकं
ओल्या काळ्या मातीचा वास आला की येलदरीजवळचा तो चढ आठवतो. घरातला पहिला इंजिनिअर मी, स्वतः बनवलेली बग्गी, म्हणजे रानावनात चालवायची उघडी मोटारगाडी, घेऊन बग्गीवाल्यांच्या मेळाव्याला पहिल्यांदाच गेलो होतो. रुंद टायरांना चिखल थापला जाई आणि गाडी पुन्हा पुन्हा मागं घसरे. सेलूचा एक बग्गीवाला हसत आला. "भाऊ, इंजन लय झकास बसवलंय, पण ही चाकं हायेत का थालीपीठं? काळ्या रानात बारीक टायर पायजे. दोर लावून ओढू का?" "नको, चढूनच जाणार." "मग उतर खाली." त्यानं आपल्याच बग्गीची चाकं काढून माझ्या गाडीला बसवली. मी माथ्यावर पोचलो तेव्हा, दगडांवर टेकवलेल्या आपल्या गाडीत उभा राहून तो माझ्यापेक्षा मोठ्यानं ओरडत होता. आजही कुणाची बग्गी अडकली, की मी आधी माझ्या चाकांचे नट सैल करतो.