साहेबांनी काढलेलं नातं

मी आजवर दोनदा कोट्यातून आत शिरले. पहिल्यांदा कृषी महाविद्यालयात. तेव्हा ते सगळ्यांना माहीत होतं. दुसऱ्यांदा जालन्याच्या एका बियाणे कंपनीत, आणि ते फक्त मला कळलं, तेही नंतर. खासगी कंपनीत आरक्षण नसतं असं जे छातीठोकपणे सांगतात, त्यांनी आमच्या साहेबांना मुलाखत घेताना पाहिलेलं नाही.

कॉलेजात मी चार वर्षं 'कोट्यातली' होते. वर्गात पहिल्या पाचांत आले तरी कोट्यातली आणि प्रयोगवहीला चांगला शेरा मिळाला तरी कोट्यातली. पुढे दोन वर्षं टेंभुर्णीतल्या अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षांचा अभ्यास केला. आमच्या वयाची अर्धी टेंभुर्णी त्या अभ्यासिकेत बसलेली असते. सगळ्या जातींची पोरं एकाच पंख्याखाली डुलक्या घेतात, तिथे मात्र कुणी कुणाचा हेवा करत नाही. मला त्या खुर्चीचा इतका कंटाळा आला होता की कसलीही का होईना, जालन्यात नोकरी धरते, असं मी आईला सांगून टाकलं. तीन कंपन्यांनी 'कळवतो' म्हणून सांगितलं आणि कळवलं नाही. चौथी ही.

साहेब म्हणजे आमच्या प्रयोगशाळेचे प्रमुख. कुंभार पिंपळगावकडचं जुनं शेतकरी घराणं, आता जालन्यात बंगला, पण दर रविवारी शेतावर जाऊन कपाशीकडे बघून आल्याशिवाय त्यांचा आठवडा संपत नाही. मी समोर बसले तेव्हा माझी फाईल त्यांच्या टेबलावर होती. तिच्यात माझे मार्क होते आणि शाळा सोडल्याच्या दाखल्यावर माझी जातही होती. साहेबांनी ती उघडली नाही. वरचं आडनाव तेवढं वाचलं, चष्मा काढला आणि विचारलं,

"कुणीकडची तू?"

"टेंभुर्णीची, सर."

"मामाचं गाव?"

"आष्टी."

"आष्टी!" साहेब खुर्चीत पुढे सरकले. "बाजाराच्या अंगाला का?"

"हो. बाजाराच्या मागं."

"विहीर हाये त्यांची?"

"आहे."

"आन् मावशी परतूरला दिलेली?"

मावशी खरंच परतूरला दिलेली होती. आष्टीच्या निम्म्या मावश्या परतूरलाच देतात, जवळ पडतं म्हणून. पण साहेबांनी टेबलावर थाप मारली.

"मंग तू तर घरचीच निघाली गं माय! तुझे मामा आन् आमचे धाकटे साडू एकाच भावकीतले. अशी परक्यासारखी काय बसली? चहा सांगतो."

बियाण्याबद्दल त्यांनी मला एक प्रश्न विचारला नाही. मी उगवण चाचणीची सगळी कृती रात्रभर पाठ करून गेले होते, ती तशीच पोटात घेऊन परत आले. पण येताना नोकरी होती. सहा महिने कच्ची, मग साहेबांनी सही केली की पक्की.

आमच्या भागात नातं काढणं ही एक कलाच आहे. बसमध्ये शेजारी कुणी बसलं की गाव विचारायचं, मग मामाचं गाव, मग आत्या-मावश्या कुठे दिल्या ते, आणि बस जाफराबादला पोचायच्या आत त्या माणसाला पाव्हणा करून सोडायचं. जात विचारणं बरं दिसत नाही, गाव विचारलेलं कुणाला खटकत नाही. साहेब या कलेतले वस्ताद. त्यांचा स्वतःवर एवढा भरवसा की आष्टीला एक फोन करून खात्री करून घ्यावी, हे त्यांच्या मनातही आलं नाही. आमचं आडनाव त्यांच्यात आहे आणि आमच्यातही आहे, हे एवढ्या मोठ्या वस्तादाला कोण सांगणार?

मी त्या खोलीत एक शब्द खोटा बोलले नाही. विहीर आहे का म्हणाले, आहे म्हटलं. सगळा प्रकार माझ्या लक्षात आला तो पंधराएक दिवसांनी, जेवणाच्या सुट्टीत. साहेबांच्या घरून डब्याचा एक जास्तीचा खण माझ्यासाठी यायला लागला होता. त्या दिवशी त्यात येसर आमटी होती, भाजक्या मसाल्याची, आणि साहेब म्हणाले, "खा माय. आपल्या लोकांसारखा येसर दुसऱ्यांना जमत न्हाई." आमच्या घरचा येसर याच्याहून चांगला असतो, हे माझ्या ओठांवर आलं होतं. तेवढ्यात 'आपल्या लोकांसारखा' डोक्यात शिरलं आणि घास तोंडातच फिरायला लागला.

घरी फोन केला. आई म्हणाली, "आत्ताच्या आत्ता सांगून टाक." वडील एसटीत ड्रायव्हर होते, आयुष्यभर घाटातली वळणं सांभाळून गाडी नेलेला माणूस. ते म्हणाले, "त्यांनी इचारलं का? न्हाई ना? मंग आपण काहून ब्रेक मारायचा? पहिले पक्की हो."

जेवणाच्या टेबलावर रोज एकच विषय असे. जालना जिल्ह्यात गेली काही वर्षं दुसरा विषय कुणी काढत नाही, लग्नाच्या पंगतीत वरणाआधी आरक्षण वाढतात. साहेब सकाळी समाजाच्या मोर्चाला जाऊन येत, गळ्यातला भगवा रुमाल घडी करून खिशात ठेवत आणि डबा उघडता उघडता सांगत की, आरक्षणानं देशाची वाट लागली. समोर कंपनीचे हिशेब बघणारे काका. जालना शहरातलं तीन पिढ्यांचं नोकरदार घर, मुलगा परदेशात. ते म्हणत, "अहो, मग तुम्ही ते मागता कशाला?"

"सगळ्यांना हाये म्हणून मागून राह्यलो! आम्हीच काय घोडं मारलं? माझा भाचा बघा. चार मार्कांनी सरकारी इंजिनीअरिंगची सीट गेली त्याची. त्याच्याहून कमी मार्काचा आत आन् हा बाहेर. आता शेतात ट्रॅक्टर चालवून राह्यलाय. त्याचं वाईट वाटत न्हाई का कुणाला?"

मला वाटायचं, खरंच वाटायचं. चार मार्कांनी हुकलेल्या माणसाचं दुःख मला अभ्यासिकेत शेजारच्या खुर्चीवर रोज दिसलं होतं. फक्त त्या भाच्याची सीट नेणारा जो कुणी 'आत' होता, त्याच्या बाजूची मी तिथे साहेबांच्याच घरची आमटी भुरकत बसलेली असायचे.

मग विषय खासगी नोकऱ्यांवर यायचा आणि तिथे मात्र साहेबांचं आणि काकांचं एकमत व्हायचं. "कंपनीत आरक्षण बिलकुल नको," साहेब सांगत. "इथं फक्त गुणवत्ता." हे ऐकत गोदाम सांभाळणारे त्यांच्या साडूचे चिरंजीव मान डोलवत. वाहतूक बघणारे चुलत मेहुणेही डोलवत. काकांना मालकांनी आणलेलं, मालकांच्या आणि त्यांच्या वडिलांची शाळेपासूनची ओळख म्हणून. तेही डोलवत. मीही डोलवायचे, घरची म्हणून.

खरं सांगायचं तर मला ते 'माय' आवडायला लागलं होतं. माझे वडील मला लाडात आले की तशीच हाक मारतात. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या मुलीला दिवसभरात कुणीतरी तेवढ्या मायेनं बोलवावं, याचं मोल मोठं असतं. बरं, कामही मला येत होतं. ओल्या कागदात बी मोजून गुंडाळायचं, उगवणीच्या उबदार पेटीत ठेवायचं, ठरलेल्या दिवशी उघडून किती उगवलं ते पाहायचं. हंगामाच्या तोंडावर तर आम्हाला जेवायला सवड नसे. साहेब माझा अहवाल बघून म्हणत, "बराबर. घरचं माणूस ते घरचंच."

सहावा महिना संपत आला आणि साहेब एका शुक्रवारी प्रयोगशाळेत आले ते हसतच.

"माय, रविवारी आम्ही टेंभुर्णीला येऊन राह्यलो. मी, बहीण आन् भाचा. तुझ्या वडलांना सांग, जास्त खर्चा करायचा न्हाई. चहा-पोहे बस."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं आणि पेटीचं दार तसंच उघडं राहिलं.

भाचा म्हणजे तोच. चार मार्कांचा, ट्रॅक्टरवाला. ज्याची सीट आमच्यासारख्यांनी खाल्ली, त्याच्यासाठी साहेब मलाच मागायला निघाले होते. एकाच घराला एवढी भरपाई कुणी दिली नसेल! मला हसू फुटत होतं. मंगळवारी माझ्या कागदावर सही व्हायची होती. न सांगावं तर रविवारी साहेबांची गाडी टेंभुर्णीत शिरणार, कुणाला तरी घर विचारणार, आणि तो माणूस बोट कोणत्या वस्तीकडे दाखवणार ते ठरलेलं होतं. सांगावं तर पुन्हा अभ्यासिका, पुन्हा तीच खुर्ची.

"साहेब," मी म्हणाले, "आम्ही बौद्ध आहोत."

"कोण?"

"आम्ही. टेंभुर्णीचे."

"आन् आष्टीचे मामा?"

"तेबी."

साहेब बोटांवर मोजायला लागले. ओठ हलत होते. आष्टी, परतूर, साडू, भावकी, सगळा हिशेब ते पुन्हा लावून बघत असावेत.

"मंग ते विहिरीवाले?"

"विहीर आमच्या मामांची पण आहे, साहेब. तुम्ही म्हणता ते दुसरे. त्यांची मोठी आहे."

"आधी काहून न्हाई सांगितलं?"

"तुम्ही इचारलं न्हाई. फाईलमधे लिहिलेलं हाये."

ते बाहेर गेले. पेटीचं दार त्यांनीच जाताना लावलं, बी खराब होऊ नये म्हणून.

रविवारी कुणी आलं नाही. मी फोनवर सगळं सांगितलं होतं, तरी वडिलांनी सकाळी दाढी करून ठेवली होती. सोमवारी डब्यातला जास्तीचा खण आला नाही. मंगळवारी सही झाली नाही, बुधवारीही नाही. साहेब जेवायला आमच्या टेबलावर येईनात. मला भीती वाटत होती आणि भीतीहून जास्त राग येत होता. मी तीच होते, कागदात गुंडाळलेलं बी तेच होतं, शुक्रवारचा अहवालसुद्धा अजून त्यांच्या टेबलावर होता. बदललं होतं ते फक्त माझ्या मावशीचं परतूर.

गुरुवारी त्यांनी बोलावलं.

"बसा, मॅडम."

मागे कुणी उभं आहे का ते मी वळून पाहिलं. कुणी नव्हतं. साहेबांचा चेहरा मोकळा दिसत होता, अवघड गणित सुटलेल्या पोरासारखा. माझी फाईल समोर उघडी होती.

"मी लई इचार केला," ते म्हणाले. "तुम्ही आमच्या नात्यात न्हाई. बराबर?"

"बराबर."

"मंग मी तुम्हाला कशावर घेतलं? नात्यावर तर घेतलं न्हाई, कारण नातंच न्हाई. म्हणजे काय?" त्यांनी टेबलावर थाप मारली, अगदी पहिल्या दिवसासारखी. "गुणवत्तेवर घेतलं की!"

आणि सही केली.

मी बाहेर येऊन प्रयोगशाळेचं दार लावून घेतलं आणि पोट दुखेस्तोवर हसले. मग थोडं रडले. मग आईला फोन केला. गंमत अशी की साहेबांचा निष्कर्ष खराच होता. त्या अख्ख्या ऑफिसात कुणाचीच पाव्हणी नसलेली मी एकटी होते.

तेव्हापासून जेवणाच्या टेबलावर मी पुरावा म्हणून वापरली जाते. साहेब भाकरीचा तुकडा माझ्याकडे रोखून काकांना सांगतात, "ह्या मॅडम बघा. कुठलं नातं न्हाई, कुठलं आरक्षण न्हाई. फक्त गुणवत्ता. हाये का आपल्याकडं जातबीत?" माणूस मनानं वाईट नाही. माझा शब्द प्रयोगशाळेत अखेरचा मानतात, मालकांसमोर माझं नाव घेतात, पगारवाढीच्या वेळी माझ्या बाजूनं भांडले. डब्याचा खण तेवढा पुन्हा आला नाही.

यंदा हंगामाआधी आणखी एक जागा भरायची होती. साहेबांनी मुलाखतीला मला शेजारी बसवलं. मुलगी घाबरलेली होती, पण चुणचुणीत होती. मी तिला उगवण चाचणी विचारली. अर्धी आली, अर्धी नाही. शिकेल असं वाटलं आणि मी तसं कागदावर लिहिलं. साहेबांनी माझं लिहून होईपर्यंत दम धरला. मग त्यांना राहवलं नाही. चष्मा काढून त्यांनी विचारलं,

"मामाचं गाव कोणतं?"

या वेळी नातं खरं निघालं. त्यांनी माझ्याकडे चोरून पाहिलं आणि पुटपुटले, "एक फोन करून घेतो आधी." केला. पक्कं झालं.

ती आता माझ्या हाताखाली आहे, आमच्या टेबलांमध्ये एक पेटी आहे. परवा आम्ही दोघी खाली मान घालून बी मोजत होतो. साहेब दारात आले आणि नेहमीच्या मोठ्या आवाजात म्हणाले,

"माय, इकडं ये जल्दी."

मी बी खाली ठेवून उठले. मग ती पण उठली. मी पुन्हा बसले आणि पहिल्यापासून मोजायला घेतलं.