वारा फिरल्यानंतरची दहा मिनिटं

चिकलठाण्याच्या विमानतळावर मी हवामान निरीक्षक होतो. नाव भारदस्त, काम एवढंच की दर अर्ध्या तासानं वारा, ढग, पाऊस पाहायचा, वहीत लिहायचा आणि विमानं उतरवणाऱ्या मनोऱ्याला फोनवर सांगायचा. बायको अजिंठ्याच्या शाळेत शिकवायची. तिची बदली होईना, माझीही होईना. पुंडलिकनगरात खोली घेऊन मी एकटा राहायचो. सुट्टीच्या दिवशी तर सकाळपासून तोंडातून शब्द निघायचा नाही, आणि ते मला खायला उठायचं.

बोलायला होते ते एक धनगरमामा. विमानतळाच्या तारेबाहेर त्यांची मेंढरं चरायची. दुपारी मी डबा घेऊन तारेपाशी जायचो. मी भाजी द्यायचो, ते भाकरी द्यायचे आणि वर माझी टर उडवायचे. "ढग बघायचा पगार देतंय व्हय सरकार? आमी तर फुकट बघतो." माझ्या अख्ख्या दिवसातलं बोलणं तेवढंच.

विमानतळावरच्या आमच्या निरीक्षण खोलीत एक वाईट रिवाज होता. वारा मधेच फिरला तर तिथल्या तिथं जादा नोंद करून मनोऱ्याला कळवायचं, असा नियम. पण जादा नोंद म्हणजे जादा कागद, वरिष्ठांची सही आणि त्यांची कुरकुर. म्हणून नेहमीची वेळ जवळ आली असली की आम्ही सगळेच थांबायचो. दहा मिनिटांत काय आभाळ कोसळतंय!

त्या दुपारी पाऊस झोडपून गेला होता. धावपट्टीवर पाणी साचलेलं, वर भुरभुर चालूच. मी छत्री धरून तारेपाशी जेवत होतो. मामा म्हणाले, "साहेब, मेंढरांनी पाठी फिरवल्या बघा. वारं उलटं झालं."

पावसात मेंढरं वाऱ्याकडं पाठ करून उभी राहतात, हे त्यांनीच मला शिकवलं होतं. मी खांबावरच्या, वाऱ्याची दिशा दाखवणाऱ्या कापडी नळीकडं पाहिलं. तीही फिरली होती. त्या भुरभुरीत मनोऱ्यातून ती दिसणं शक्य नव्हतं. घड्याळ पाहिलं. नोंदीला दहा मिनिटं होती. "लिहितो की," म्हणालो आणि पुढचा घास घेतला.

तेवढ्यात विमान आलं. समोरचा वारा उतरत्या विमानाला आवरतो, हा मागून ढकलत होता. चाकं टेकली ती निम्मी धावपट्टी मागं पडल्यावर, आणि पाण्यावरून नुसती घसरत गेली. पलीकडच्या टोकाचं कुंपण तोडून विमान काळ्या रानात रुतलं. माणसं जिवंत निघाली, काहींची हाडं मोडली. 

चौकशी बसली. वैमानिकाचं म्हणणं, वारा समोरूनच आहे असं त्याला मनोऱ्यातून कळवलं होतं. मला विचारलं, वारा कधी फिरला? खरं सांगितलं असतं तर नोकरी गेली असती.

"विमान उतरतानाच फिरला असावा," मी म्हणालो. "त्याआधी काही जाणवलं नाही."

त्या दिवशी मेंढरं तिथंच होती म्हणून मामांनाही बोलावलं होतं. दाराशी उभं राहून त्यांनी माझं सगळं ऐकलं. मग तोच प्रश्न त्यांना विचारला. मामांनी माझ्याकडं पाहिलं.

"मी अडाणी मानूस, साहेब. वाऱ्यातलं मला काय कळतंय?"

मला हायसं वाटलं आणि स्वतःची किळसही आली. तरी मी अळीमिळी गुपचिळी करून बसलो. अहवालात कारणं आली ती अशी: धावपट्टीवर पाणी, चाकं उशिरा टेकवली, वारा ऐनवेळी फिरला. चाकं उशिरा टेकली हे खरंच होतं, पण ऐनवेळी फिरलेला वारा ही माझी थाप होती. वैमानिकाचं उडणं बंद झालं. माझी नोकरी राहिली.

मामा मात्र तारेकडं फिरकेनासे झाले. पंधरा दिवस मी डबा घेऊन तिथं एकटाच बसलो. मग त्यांचा तळ हर्सूलच्या तलावाकडं पडल्याचं कळलं, तेव्हा सायकल काढून गेलो. ते मेंढीच्या खुरातला काटा काढत होते.

"मामा, तुमच्यामुळं वाचलो," मी म्हणालो.

त्यांनी मान वर केली नाही. "तुमाला वाचवाया नाय बोललो मी तसं. मला वाटलं, माझं खोटं ऐकून तरी तुमी लाजाल आन खरं बोलताल."