पुनमचा बंद पडलेला पेपर

माझी शिलाई मशीन आणि झुलाल नानांची मधली खोली यांच्यात एकच भिंत आहे, आणि ती पातळ आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे सुंदरअक्काला शेजारच्या घरातलं एवढं कसं माहीत, असं कोणी विचारायला नको.

पुनम ही नानांची सून. माहेर रावेरकडचं. कॉलेजात दुसऱ्या वर्षाला असतानाच तिचं लग्न लागलं आणि ती इथे पाचोऱ्याला आली. शिक्षण तिकडेच राहिलं. नवरा समाधान केळीचा ट्रक घेऊन दिल्लीकडे जातो आणि घरी पाहुण्यासारखा येतो. सासू नाही. म्हणजे घरात पुनम, तिची चार वर्षांची चिमी आणि नाना. सकाळी पुनम एका बालवाडीत मदतनीस म्हणून जाते. पोरांची नाकं पुसायची, डबे उघडून द्यायचे, चड्ड्या बदलायच्या. तिथल्या मोठ्या बाई तिला म्हणाल्या, ‘जूनमध्ये शिक्षिकेची जागा रिकामी होतेय. डिग्री पूर्ण कर, जागा तुझी.’ तेव्हापासून पुनमने मोबाइलवरून, घरबसल्या, बालपण आणि शिक्षण असा काहीतरी विषय घेऊन डिग्रीचा अभ्यास धरला.

आता बालपण हा काय शिकायचा विषय आहे? आमच्या गल्लीत कोणालाच हे पटेना. दोन-दोन, तीन-तीन पोरं वाढवलेल्या बायका माझ्या ओट्यावर फॉल लावायला साड्या घेऊन येत आणि भिंतीकडे बघून डोळे बारीक करत. मीही करत होते. न बघितलेलं कॉलेज, न बघितलेले मास्तर आणि कानात वायर घालून बसलेली तरणी बाई, यात काहीतरी पाणी मुरतंय हे सांगायला ज्योतिषी लागत नाही.

आणि नाना तर जन्माचे संशयी. एसटीत कंडक्टर होते. गाडीत चढणारा प्रत्येक माणूस बिनतिकिटाचाच, असं धरून त्यांनी नोकरी केली. निवृत्त झाल्यावर गाडी राहिली नाही, मग घर धरलं. दूधवाल्याच्या मापात बोट बुडवून बघतील, गॅसची टाकी हलवून बघतील, पोस्टमनला पाकीट उलटं करून दाखवायला लावतील. माणूस वाईट नाही. पण त्यांच्यासमोर बसलं की आपण काही चोरलंय की काय, असं आपल्यालाच वाटायला लागतं.

एके दुपारी भिंतीपलीकडून पुनमचा आवाज आला. अगदी मऊ, लाडाचा. “तुला राग आलाय ना? मला सांग. मी कुठे जात नाही. मी ऐकतेय.”

माझा पाय मशीनवरच थांबला. समाधान तर तेव्हा इंदूरच्या पुढे होता आणि चिमी माझ्याच ओट्यावर चिंध्या गोळा करत होती. मग राग आला कोणाला? आणि ही ऐकतेय कोणाचं?

नानांनीही ते ऐकलं होतं. त्यांच्या ओट्यावरून ते थेट माझ्याकडे आले आणि हळूच म्हणाले, “अक्का, कोनसंगे बोली राह्यनी ती? आठे काहीतरी शे.” म्हणजे ही बोलतेय कोणाशी, इथे काहीतरी आहे.

मी लगेच उठले. उसनी साखर मागायला म्हणून वाटी घेतली आणि आत गेले. बघते तर मोबाइल डब्यावर टेकवलेला, आणि पुनम लाटण्याला चिमीचं झबलं घालून त्याची समजूत काढतेय! रडणाऱ्या मुलाशी कसं बोलायचं, त्याचा व्हिडिओ करून पाठवायचा होता म्हणे. माझ्या घशात हसू अडकलं. मी बाहेर येऊन नानांना सांगितलं, पण त्यांना ते खरं वाटेना. लाटण्याशी कोण बोलतं? त्यांचंही बरोबरच होतं म्हणा.

तेव्हापासून नानांनी पहारा सुरू केला. अचानक दारात येऊन उभं राहायचं, जुन्या सवयीने, मधल्या थांब्यावर तपासनीस चढतो तसं.

इथे आमची एक रीत सांगायला हवी. सासरा समोर आला की सून बसलेली असेल तर तिने उठायचं, पदर कपाळाखाली ओढायचा आणि तोंड दुसरीकडे करायचं. पुष्कळ घरांत आता हे सुटलं. पुनमने सोडलं नव्हतं. सासू गेल्यावर तर जास्तच पाळायला लागली, कारण घरात दुसरी बाई नाही आणि लोकांच्या तोंडाला हात कोण लावणार! नाना दिसले की तिचा हात आपोआप डोक्याकडे जातो, डोळ्यात कचरा जाताना पापणी मिटते तसा.

शेवटच्या पेपरच्या दिवशी तिने दाराआडून सांगितलं, “नाना, आज परीक्षा आहे. पेपर होईपर्यंत खोलीत कोणीच यायचं नाही.”

झालं! स्वतःच्याच घरात, स्वतःच्याच खोलीत कोणीच यायचं नाही? नाना घटकाभर ओट्यावर बसले, मग उठले. दारात गेले. परत आले. पुन्हा गेले. प्रत्येक वेळी आत पुनम उठली, पदर ओढला, भिंतीकडे तोंड केलं. आणि परीक्षेत कोणी चोरी करू नये म्हणून समोरच्या मोबाइलमध्ये बसवलेला यांत्रिक पहारेकरी, नानांपेक्षा वरचढ संशयी, प्रत्येक वेळी नोंद करत राहिला. नाना पुन्हा एकदा दारात आले आणि पेपर मध्येच बंद पडला. पडद्यावर लिहून आलं: संशयास्पद हालचाल.

ती रडली नाही. तिने भाकरी थापल्या. पण दुसऱ्या दिवशी माझ्याकडे येऊन बसली ती उठेचना. विद्यापीठाने कळवलं होतं, तीन परीक्षक व्हिडिओवर तुमचं म्हणणं ऐकतील. पटलं नाही तर पेपर रद्द, आणि पुढची परीक्षा वर्षभराने. म्हणजे जूनची जागा गेली.

“मग सांग ना त्यांना, सासरा येत होता म्हणून,” मी म्हटलं.

“काय सांगू अक्का? सासऱ्याचा माझ्यावर विश्वास नाही, हे परक्या माणसांना सांगू? आणि सगळं तिथे साठवून ठेवतात. उद्या कोण बघेल, कोण ऐकेल!”

मला असा राग आला! मी तशीच नानांसमोर जाऊन उभी राहिले आणि तोंडाला येईल ते बोलले. नानांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं काय, तर “मोबाइलमाईन कोन दखस तिले?” म्हणजे सुनेला मोबाइलमधून बघणारा कोण! मी कपाळावर हात मारला. “तुम्हालाही बघितलं त्याने,” मी ठोकून दिलं. “दारातून डोकावताना.” तेव्हा मात्र नानांचा चेहरा पडला. आयुष्यभर दुसऱ्याला पकडलेला माणूस तो.

सुनावणीला पुनमने मला सोबत बसवलं. चिमी माझ्या मांडीवर. नाना बाहेर, पण दाराला कान लावून, हे मला त्यांच्या तंबाखूच्या वासावरून कळत होतं. पडद्यावर दोन मॅडम आणि एक सर. सरांनी आधी ते चित्र दाखवलं. पुनम उठते, तोंड झाकते, भिंतीकडे वळते. दारातले नाना चित्रात कुठेच नाहीत.

“पदराआड काय वाचत होता?” सरांनी विचारलं.

“काही नाही, सर.”

“मग पुन्हा पुन्हा का उठलात?”

पुनमने नजर खाली घातली. मी तिला कोपराने ढोसलं, तरी वर केली नाही. सर म्हणाले, “तुमच्याकडे उत्तर नसेल तर आम्हाला निर्णय घ्यावा लागेल.”

तेवढ्यात दार उघडलं आणि नाना आत आले. “साहेब, तिनी चोरी नही करी! मी गयथू घरमा. मन्हामुये पदर लिधा तिनी!” म्हणजे पदर घेतला तो यांच्यामुळे, चोरीसाठी नाही.

आणि नाना आत येताच पुनम उठली. पदर ओढला. भिंतीकडे तोंड केलं. सगळ्यांच्या देखत, अगदी त्या चित्रातल्यासारखं.

मॅडमना समजलं असावं. पण सर कसले ऐकतात? ते म्हणाले, “हे आधी ठरवूनही करता येतं.”

तोवर चिमी माझ्या मांडीवरून उतरली होती. आजोबांकडे बघत ती आईशेजारी जाऊन उभी राहिली, फ्रॉकचा घेर दोन्ही हातांनी उचलून तोंडावर घेतला आणि भिंतीकडे वळली. पोट उघडं, चड्डी दिसतेय, पण तोंड झाकलेलं.

कोणी हसलं नाही. मोठ्या मॅडम म्हणाल्या, “सर, चार वर्षांचं मूल ठरवून नाटक करत नाही. पेपर पुन्हा घेऊ या. याच महिन्यात.”

माझ्या जिवात जीव आला. पण नानांचं तिकडे लक्षच नव्हतं. जी पोर रोज त्यांच्या खिशात हात घालून गोळ्या शोधायची, ती भिंतीला तोंड लावून उभी होती. ते वाकले, फ्रॉक खाली करायला गेले. तिने परत वर ओढला.

“चिमे, मी शे ना, तुना आजला,” नाना म्हणाले. ती हलली नाही. मग ते सुनेच्या पाठीला म्हणाले, “सांग ना तिले. मन्हापासून नको लपू म्हना.”

पुनम पदराआडूनच बोलली. “नाना, पोरे सांगीसन नही शिकतस. दखीसन शिकतस.”

म्हणजे सांगून नाही, बघून शिकतात. एवढं बोलून ती थांबली. मला तिचा हात दिसत होता. डोक्याशी गेला, पदर धरला आणि तसाच राहिला. किती जड असतो तो पदर, हे मला नव्याने सांगायला नको. मग तिने तो खांद्यावर सोडला आणि सासऱ्याकडे तोंड करून उभी राहिली.

“बसा नाना,” ती म्हणाली. नजर खाली गेली नाही.

चिमीने फ्रॉकच्या कडेवरून आधी आईकडे बघितलं, मग आजोबांकडे. हळूहळू घेर खाली आला. नाना खाटेवर टेकले. सून घरात आल्यापासून त्यांनी तिचा चेहरा असा समोरून पाहिलाच नव्हता. कुठे बघावं ते त्यांना कळेना, आणि सगळ्यांना डोळ्यांत डोळे घालून तिकीट विचारणारा तो माणूस मान खाली घालून बसला.