आमची शिट्टी परत द्या!

हुडको कॉलनीतल्या आमच्या ऑटो इलेक्ट्रिकच्या दुकानात तीन गोष्टी साठतात: जळके फ्यूज, तुटके होल्डर आणि किस्से. पहिल्या दोन भंगारवाला नेतो. किस्से मात्र मलाच सांभाळावे लागतात. दुकान मी आणि भाऊराव चालवतो. भाऊराव उस्ताद, मी त्यांच्या मते अजून शिकाऊ. बावीसच तर वर्षं झालीत. गाडीच्या रेडिओतली खरखर काढणं ही आमची स्पेशालिटी. म्हणजे बोर्डावर तरी तसं लिहिलंय.

*

एक साहेब नवी कोरी गाडी घेऊन आले. "रेडिओ बकवास हाय, बदलून द्या!"

मी सॉकेटमधला फुटपाथछाप मोबाइल चार्जर उपटला. खरखर बंद! साहेब खूश झाले, मग विचारात पडले.

"पण मोबाइल कसा चार्ज करू?"

त्यांनी चार्जर परत खोचला, रेडिओ बंद केला आणि थँक्यू म्हणून निघून गेले. इतकं समजूतदार गिऱ्हाईक रोज मिळत नाही.

*

सेक्टर 10 मधले एक रिटायर्ड इंजिनिअर. त्यांनी अख्खा रेडिओ किचनमधल्या चांदीच्या कागदात गुंडाळून आणला. "शिल्डिंग आहे, बाहेरची खरखर आत शिरत नाही," म्हणाले.

भाऊरावांनी कागद चाचपला. "साहेब, पोळ्या गरम राहतीन याच्यात. खरखर नाई जाणार."

मग त्यांनी बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरच्या वायरला चिकटलेली रेडिओची वायर दूर सरकवली. दोन मिनिटांत आवाज साफ!

"थिअरी माझीच होती," साहेब म्हणाले. आम्ही मान डोलावली.

*

उस्तादही काही कमी नाहीत. एका जीपच्या रेडिओला त्यांनी खरखर अडवणारा फिल्टर लावला. खरखर पार गेली.

ड्रायव्हर म्हणाला, "उस्ताद, गाणं बी गेलं न!"

एरियलची पिन लावायची राहिली होती. भाऊराव शांतपणे म्हणाले, "तू खरखर काढायले सांगतलं होतं. गाण्याचं काई बोलला होता का?"

*

आता रामटेके काका. प्लांटमधून रिटायर झाले, नजर अधू झाली, डॉक्टरांनी स्टिअरिंगला हात लावायची मनाई केली. मुलगी जवळच्या उतई गावात, तिचे दिवस भरत आलेले. तिच्या हाकेला धावून जाता यावं म्हणून साठीच्या काकू गाडी शिकल्या आणि लायसन्सच्या टेस्टमध्ये दोनदा नापास झाल्या. दोन्ही वेळा गिअरवर!

तिसरी टेस्ट तोंडावर आलेली. काकांना काळजी कशाची, तर रेडिओची! अ‍ॅक्सिलरेटर दाबला की रेडिओत शिट्टी वाजायची आणि बातम्या ऐकू यायच्या नाहीत. भाऊरावांनी अर्थिंगच्या वायरवरचा गंज घासून काढला, फिल्टर बसवला. शिट्टी गायब!

दुसऱ्या दिवशी काकू दुकानात हजर.

"कोणं काढली माही शिट्टी?"

"काकू, ती खराबी होती."

"अरे, तिच्यावरच तं मी गिअर शिकली न! शिट्टी चढली का दुसरा, अजून चढली का तिसरा. उद्या टेस्ट हाय, आता मले कसं समजन?"

आम्ही फिल्टर काढला. शिट्टी येईना. घासलेला गंज परत कुठून आणायचा? बावीस वर्षं आवाज घालवणारे आम्ही दुपारभर आवाज आणायला घाम गाळत बसलो. शेवटी भाऊरावांनी रेडिओच काढून टेबलावर घेतला.

"राहू द्या," काकू म्हणाल्या. डोळे भरून आले होते त्यांचे. मला मनापासून वाईट वाटलं. रेडिओ दुकानातच राहिला; डॅशबोर्डच्या रिकाम्या भोकात त्यांनी रुमाल खोचला आणि मी गाडी घरी पोचवून दिली.

टेस्टच्या दिवशी मैदानाबाहेर मी आणि काका. इन्स्पेक्टर काकूंच्या शेजारी बसलेले.

"मले दिसत नाई बरोबर. सांग न, चालून राहिली का?" काकांनी माझा हात धरून ठेवला होता.

"पहिला गेला, काका... दुसरा... तिसरा!"

एकही झटका नाही. गाडी आमच्यासमोर येऊन थांबली. काकूंच्या ओठांचा चंबू अजून तसाच होता. इन्स्पेक्टर कान चोळत उतरले.

"मॅडम पास! लेकिन ये रेडियो ठीक करवा लीजिए, पूरे टाइम सीटी मार रहा था!"