चिमणीतला वायू आणि आठ तासांची चाचणी

अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीतल्या ज्या कारखान्यात मी केमिस्ट होतो, त्याचं स्वतःचं छोटं वीजघर होतं. बॉयलरमध्ये कोळसा जळायचा, वाफेवर टर्बाइन फिरायचं आणि धूर चिमणीतून निघून जायचा. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला त्या धुराच्या वाटेवर दोन मनोरे उभे राहिले. धुरातला कार्बन डायऑक्साइड वेगळा काढायचा, सिलिंडरमध्ये भरायचा आणि गुजरातेतल्या तेलविहिरींवर पाठवायचा, एवढंच त्यांचं काम. जुन्या विहिरींत बरंच तेल खडकाला धरून राहतं. हा वायू दाबानं आत सोडला की ते पातळ होतं आणि पुढे सरकतं.

पहिल्या मनोऱ्यात धूर खालून वर जाई, अमाइन नावाच्या रसायनाचं द्रावण वरून खाली येई. ते वायू धरून ठेवी. दुसऱ्या मनोऱ्यात वाफेनं तापलं की सोडून देई.

युनिट चालवायला आमच्या मॅनेजर साहेबांनी मिस्त्रींना निवडलं. मिस्त्री वांगणीचे, घरी भातशेती. अनेक वर्षं त्यांनी बॉयलरला कोळसा नेणाऱ्या पट्ट्यावर काढली होती. खोकला कायमचा, आणि डॉक्टरांनी धुळीपासून लांब राहायला बजावलेलं. कारखान्याच्या मालकांची अट सरळ होती. तेल कंपनीच्या माणसासमोर आठ तास न थांबता शुद्ध वायू निघाला, तर युनिट कायम आणि मिस्त्री त्याचे प्रमुख. नाही निघाला, तर मनोरे भंगारात आणि मिस्त्री परत कोळशावर.

चाचणी दसऱ्यानंतर दोन दिवसांनी ठरली. खंडेनवमीला मनोऱ्यांना झेंडूच्या माळा घातल्या, पंपांना हळदकुंकू लावलं, नारळ फुटला. दसऱ्याची सुट्टी झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तालमीसाठी युनिट सुरू केलं.

अर्ध्या तासात मनोऱ्याचा दाब वरखाली होऊ लागला. मग माथ्यावरच्या पाइपातून पांढरा फेस बाहेर आला आणि माळांवरून ओघळला. साहेबांनी युनिट बंद करायला लावलं. पंपातलं तेल द्रावणात गळत असावं, असा त्यांचा संशय होता. मी द्रावणाचा नमुना बाटलीत घेऊन हलवला. फेस बाटलीच्या तोंडाशी येऊन थांबला, बसेचना.

मिस्त्रींनी दोन थेंब बोटांवर चोळले. वास घेतला.

"साहेब, पंपाला बोल लावू नका. द्रावणाची टाकी मीच धुतली."

"कशानं?"

"कपड्याच्या पावडरीनं. नवमीच्या आदल्या दिवशी टाकी रिकामी केली ना, तेव्हा आत उतरून घासली. पूजेला मशीन आतून पण साफ पाहिजे, असं वाटलं."

साहेब ओरडले, "अहो मिस्त्री, टाकी आहे ती. तुमचा लेंगा नाही!"

"लेंगा असता तर नीट पिळला असता, साहेब. इथं पाणी कमी मारलं, तिथं चुकलो."

साहेबांना हसू आवरेना.

ताज्या अमाइनची पिंपं एकदा भरण्यापुरतीच शिल्लक होती. खराब द्रावण काढून बाजूला ठेवलं. मग टाकी, पंप, पाइप आणि दोन्ही मनोऱ्यांतून गरम पाणी फिरवलं. प्रत्येक धुण्यानंतर मी बाटली हलवायचो आणि घड्याळाकडे बघायचो. पहिल्या पाण्याला फेस टिकला. दुसऱ्याला निम्मा बसला. तिसऱ्याच्या वेळी मिस्त्री म्हणाले, "भाऊ, अजून एक घेऊ. माझी पावडर आहे, मला माहीत आहे ती." चौथ्या पाण्यावर फेस धरलाच नाही. संध्याकाळी ताजं द्रावण भरलं.

दुसऱ्या दिवशी तेल कंपनीचे पाहुणे वहीपेन घेऊन खुर्ची टाकून बसले. सकाळी आठला झडप उघडली. दर तासाला मी वायूचा नमुना काचेच्या नळीतून पोटॅशच्या द्रावणात सोडायचो. कार्बन डायऑक्साइड त्यात विरतो, भेसळ असली तर मागे उरते. पहिल्या तासाला वाटाण्याएवढा बुडबुडा उरला. तिसऱ्याला मोहरीएवढा. पाचव्या तासानंतर तो शोधायला भिंग लागलं. दाबाचा काटा हलला नाही. मिस्त्री जेवायला गेले नाहीत. डबा पंपाशेजारीच उघडून उभ्यानं खाल्ला.

चार वाजता पाहुण्यांनी वही मिटली. "पास. चलाया किसने?"

साहेबांनी मिस्त्रींकडे बोट केलं.

"हमने चलाया," मिस्त्री म्हणाले. "बिगाडा भी हमने. वो भी लिखो."

पाहुणे हसत उठले आणि त्यांचा हात हातात घेऊन बराच वेळ हलवत राहिले. मनोऱ्याखाली टाळ्या वाजल्या. बॉयलरवरची माणसंही खाली उतरली होती.

आठवड्याभरात पहिला ट्रक भरला. गेटवर रखवालदारानं ट्रकचा गेटपास परत केला. युनिट प्रमुखाची सही नव्हती. मिस्त्रींना बोलावणं गेलं. त्यांनी बॉनेटवर कागद ठेवला, पूर्ण नाव मराठीत सावकाश लिहिलं, खाली रेघ ओढली आणि ड्रायव्हरला म्हणाले, "जा आता. विहीर वाट बघते."