अजून लागायचा सिनेमा

सत्तरच्या दशकात आसगावकडच्या लग्नांत वाजवणाऱ्या त्या क्लॅरिओनेटवाल्याचं नाव मी कधी विचारलं नाही. एक चाल वाजवून झाली की बाहीनं ओठ पुसून तो सांगायचा, "हे चाल आमची हाये, आमच्या बँडची." लगेच आम्ही वऱ्हाडी ओरडायचो, "कायले डोकं खाऊन राहिला बे? सिनेमाचं वाजव!"

कोंढ्याच्या एका लग्नात तो म्हणाला, "हे नव्या सिनेमाचं हाये." चाल तीच होती. सगळे बेभान नाचले, मीही नाचलो. मग मी जवळ जाऊन विचारलं, "कोणता सिनेमा?"

तो माझ्या पायाशी थुंकला. "भंडाऱ्यात अजून लागाचा हाये."

पुढे बँड मोडला. चाल मात्र अजून लग्नांत वाजते. कोणाची म्हणून विचारलं, तर सगळे सिनेमाची सांगतात. मला संताप येतो, आणि तेवढ्यात माझेच हरामखोर पाय ठेका धरतात.